पाटसला उतरलेली बाई

न्हावरे, ता. शिरूर
१५ जानेवारी १९७९, संक्रांतीचा दुसरा दिवस

म्हाळूदादास,

पत्राच्या सुरवातीला शिरसाष्टांग का कायसं लिवायचं असतं. आमच्या पार्वतीबाईंनी फळ्यावर काढून दावलं, पर ते अक्षर माझ्या हाताला बसत न्हाई. म्हणून नुस्ती पाया पडते.

हे पत्र मी लिवलंय, तुझ्या धाकट्या भणीनं, कुशीनं. दुसऱ्या कुणाकडनं लिवून घेतल्यालं न्हाई. लहानपणी तापानं पडले तवा आई मला आत्याकडं ठेवून मेंढरामागं गेली हुती, आन् ते साल मी शाळंत बसले हुते. त्यातलं इसरलं हुतं सगळं. आता गावात बायांचा साक्षरतेचा वर्ग निघालाय. पार्वतीबाई शिकवतात. दौंडच्या हायेत, त्यांचे वडील रेल्वेत इंजिनावर हुते. त्या म्हणाल्या, 'कमळ बघ, गवत उपट' किती दिवस लिवणार, खऱ्या माणसाला खरं पत्र लिवा. जसं बोलता तसंच लिवा. मी म्हणलं, माझा भाऊ कोकणात मेंढरं घेऊन गेलाय. बाई म्हणाल्या, मग त्यालाच लिवा.

तुला वाचता येत न्हाई ते मला ठाऊक हाय. आबा असताना आपला मेंढरांचा वाडा परळीला शंकररावांच्या भाताच्या रानात बसायचा, तिथंच तू अजून बसवत असशील म्हणून पत्ता त्यांचा घातलाय. शंकरराव, माझ्या भावाला एवढं वाचून दावा.

दादा, तू सालात दोनदा ह्या गावावरनं जातोस. मारुतीच्या हिरीवर मेंढरं पाजतोस आन् तसाच फुडं जातोस. मी तक्रार करत न्हाई. बहात्तरच्या दुष्काळात माझ्या मालकांनी, म्हाळसाच्या बांनी, आमच्या वाटणीची मेंढरं इकली, हीर खांदली, तवा तू म्हणाला हुतास, बसलेल्या माणसाला काय दिसतं, आपल्याच घराची भिंत. तवा मला उत्तर सुचलं न्हवतं. आता लिवता येतंय तर बसल्या जागी काय काय दिसतं ते तुला कळवावं म्हणलं.

परवाच्या आठवड्यातली गोष्ट. आमच्या शेजारणीची, ताईबाईची म्हस शिरूरच्या रस्त्यात मधोमध बसली. येस्टी आली. डायवरनं भोंगा वाजवला, म्हस रवंथ करत बसली. कंडक्टर उतरला, शेपूट पिळली, तरी उठंना. येस्टीत लग्नाला निघालेलं बँडवालं हुतं. त्यातला एक म्हणाला, आमी उठवतो, आमच्या बाजानं थेरडी सुदिक नाचतात. मग सगळी खाली उतरली आन् त्यांनी रस्त्यात उभं राहून बँड वाजवला. म्हशीनं कान हलवलं आन् पान्हा सोडला. खरं सांगते, बसल्या जागी दूध गळाया लागलं. ताईबाईला दूध वाया जाताना बघवंना. ती पळत कासंडी घेऊन आली. तिला बघून म्हस आपली आपण उभी राहिली. ताईबाईनं तिला तिथंच डांबरावर पिळली, आन् एवढी माणसं खोळंबली म्हणून आमच्या पडवीत चूल पेटवून सगळ्या येस्टीला चहा केला. कंडक्टर बशी फुंकत म्हणाला, "आता उशीर झाला, डेपोत काय सांगू?" ताईबाई म्हणाली, "चहा कसा झाला हुता ते सांगा."

काम तसं काय न्हाई. म्हाळसा बरी हाय, माझ्या डोक्यायेवढी झालीया. तीळगूळ पत्रात घालता येत न्हाई, तो तुझ्या नावानं डब्यात हाय.

तुझी भण,
कुशी

*

मु. पो. परळी, ता. सुधागड, जि. कुलाबा
२८ जानेवारी १९७९

सौ. कुशाबाई यांस शंकररावांचा नमस्कार.

आपले पत्र पोचले. आपले बंधू म्हाळू यांना मी ते आमच्या ओटीवर वाचून दाखवले. ते खाली मान घालून ऐकत होते. वाचून झाल्यावर काठीने जमीन उकरत बसले, मग उठून गेले. उत्तर काय लिहू असे विचारले तर म्हणाले, "मेंढ्या बऱ्या हायेत असं लिवा."

मला वाटले, विषय संपला. परंतु दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वाड्यातल्या आणखी दोघांना घेऊन आले आणि म्हणाले, "ह्यांना ऐकायचं हाय." त्या दोघांना काही ऐकायचे असावे असे त्यांच्या तोंडावरून दिसत नव्हते. मी पुन्हा वाचले. म्हशीने पान्हा सोडला तिथे आपले बंधू हसले. हसू दाबण्यासाठी खोकले, पण मी पाहिले.

माझ्या आईने माजघरातून सगळे ऐकले. ती विचारते की बँडवाल्यांना लग्नाला पोचायला किती उशीर झाला, आणि मुहूर्त टळला की काय. कृपया कळवावे. ती रोज विचारते.

आपला,
शंकरराव

*

न्हावरे
१८ फेब्रुवारी १९७९

म्हाळूदादास पाया पडून,

शंकररावांच्या आईस्नी सांगा, मुहूर्त टळला न्हाई. नवरदेवाचीच गाडी पंक्चर झाली हुती, बँड त्याच्या आधी पोचला.

मेंढ्या बऱ्या हायेत हे कळलं. तू कसा हाईस ते कळलं न्हाई. ढोपर दुखतं का अजून? कोकणातल्या गारठ्यात दुखत असंल.

आता नवीन सांगते. पार्वतीबाई म्हणाल्या, पुस्तकातलं वाचून झालं, आता जगातलं वाचा. आन् आमच्या वर्गाला घेऊन त्या दौंडला निघाल्या. रेल्वेचं ठेसण वाचायला. चौफुल्यावरनं येस्टीनं गेलो. वाटंवर एक पाटी सोडली न्हाई. कुणी खताची वाचली, कुणी बिडीची. आक्काबाई आमच्यात सगळ्यांत म्हातारी, तिनं जोरात 'थुंकू नये' असं वाचलं, तवा खिडकीतला एक माणूस तोंडातलं पान घेऊन तसाच बसून राहिला, चौफुल्यापस्तोर गिळंना आन् थुकंना.

दुपारची भाकरी पार्वतीबाईंच्या आईकडं हुती, बौद्धवाड्यात. आक्काबाईनं घरनं आपला डबा आणला हुता, वेगळं बसून खायचा तिचा इचार. पर बाईंच्या आईनं हुलग्याचं माडगं आन् ठेचा वाढला, त्याचा वास सुटला, तसा आक्काबाईनं डबा बांधून ठेवला आन् पंगतीला सरकली. जाताना तिनं म्हातारीला न्हावऱ्याला यायचं आवतन दिलं. आपल्या घरात यायचं दिलं, दादा.

मग ठेसण. बाईंनी सगळ्यांस्नी फलाटाची तिकिटं काढून दिली. केवढं इंजिन, काय सांगू. उभं राहून धापा टाकतं, अंगातनं वाफ काढतं, जसं घाट चढून आलेलं घोडं. शेजारी पुण्याकडची पॅसिंजर उभी हुती. आमच्यातल्या एका बाईला वाटलं, आत कसं असतं ते बघावं. कुणाला न सांगता ती चढली. बाकडी बघितली, पंखा बघितला, तोवर गाडी हलली.

इकडं फलाटावर आरडाओरडा. ती बाई आत उभी. डब्यातली माणसं म्हणाली, मावशे, आता पुण्यालाच उतर. ती म्हणाली, मला वाचता येतंय, मी बघते माझं. मग एक ठेसण आलं. पिवळ्या पाटीवर काळी अक्षरं. पा, ट, स. तिनं दोनदा वाचलं आन् उतरली.

मास्तरनं तिकीट मागितलं. तिनं फलाटाचं दावलं. तो म्हणाला, "अहो बाई, हे दौंडच्या फलाटावर उभं राहायचं तिकीट हाय." ती म्हणाली, "मग? मी सारा वेळ उभीच हुते." मास्तर हसाया लागला, आन् त्यानं तिला गावाकडची वाट दावली. आमी रडवेल्या हून माघारी येस्टीनं निघालो तर पाटसच्या थांब्यावर ही बाई शेंगा सोलत बसलेली. पार्वतीबाईंनी तिला आधी मिठी मारली आन् मग शिव्या दिल्या.

बसल्या जागी असं घडतं बघ.

कुशी

*

परळी
६ मार्च १९७९

सौ. कुशाबाई यांस,

आता आपले पत्र आले की आमच्या ओटीवर जागा पुरत नाही. धनगरवाड्यातली सगळी येतात, आमची घरची असतात, आणि कालच्याला तर पोस्टमनही पत्र देऊन तिथेच बसला. ही रेल्वेची हकीकत चार वेळा वाचावी लागली.

सगळ्यांचा प्रश्न एकच आहे : ती बाई कोण? वाड्यातले म्हणतात आक्काबाई. माझी आई म्हणते, आक्काबाई नव्हे, ती म्हातारी इतक्या चटकन चढणार नाही, ती ताईबाई असणार. आपले बंधू काठीवर हनुवटी टेकून ऐकत होते. शेवटी म्हणाले, "मला ठाऊक हाय कोण ती." आम्ही विचारले तर नाव सांगेनात. इतकेच म्हणाले, "तिला इचारा, आत उभी हुती म्हणती, ती खिडकीपाशी उभी हुती का दाराशी."

म्हणून मी विचारत आहे.

गुडघ्याचे विचारले होतेत. दुखतो. पण तसे लिहू नका म्हणाले आहेत, म्हणून मी लिहिले नाही असे समजावे.

आपला,
शंकरराव

*

न्हावरे
३ एप्रिल १९७९

दादास,

दाराशी.

तुला कळणार हे मला ठाऊक हुतं. घोड्यावर लगड, बिऱ्हाडाचं ओझं, लादली की मला वर बसवायचे, आन् मी बसायची न्हाई, उभी राहायची. आई वरडायची, पडशील. तू घोड्याचा कासरा धरून चालायचास आन् म्हणायचास, राहू दे तिला, तिला लांबचं बघू दे. गाडीच्या दारात तसाच वारा लागला. पाटसची पाटी दिसली तवा, खरं सांगते, मनात आलं की वाचलंच न्हाई म्हणावं आन् फुडं जाऊ द्यावं. पर घरी म्हस पिळायची हुती.

तुला वाटत असंल, बघ, अजून पाय शिवशिवतात, कशाला बसलीस एका जागी. म्हणून दुसरं पण लिवते, नुस्तं एकीकडचं लिवणं बरं न्हवं.

मेंढरामागं असताना मी किती गावं बघितली, किती घाट. पर एका बोरीला फूल येतं, त्याचं बोर हुतं, ते पिकतं, हे सगळं एकाच झाडाचं मी कवा बघितलंच न्हवतं. फूल एका गावाला बघायचं, बोर दुसऱ्या गावाला खायचं. आता आमच्या बांधावरच्या बोरीचं मी सगळं बघते. कुठल्या फांदीला आधी येतं ते मला ठाऊक हाय. कुठला व्हला कुठल्या घरट्यात बसतो ते ठाऊक हाय. एका झाडाचं एवढं कळाया माणसाला थांबायला लागतं. हे तुला वाईट वाटावं म्हणून न्हाई लिवलं. मलाच आधी ठाऊक न्हवतं.

यंदा आमी कांदा बियाला धरला. त्याला गोंडे येतात, पांढरेफेक, मुठीयेवढे. परवा दिवस मावळताना मी धारंला निघाले आन् रानाकडं बघितलं, तर हातातली कासंडी खाली ठेवली. वाटलं, मेंढरं बसलीत. सगळं रान भरून, माना खाली घालून. मी 'हिर्र' केलं, दादा. येड्यासारखं. त्यावर मधमाशा उठल्या आन् मग कळलं की कांदा हाय. म्हाळसाचे बा मोटरीपाशी हुते, त्यांनी ऐकलं. मला वाटलं, हसतील. ते म्हणाले, "मला बी रोज तसंच वाटतं."

आता खरं काम लिवते. दोन पत्रं झाली, पर हे लिवाया हात धजला न्हाई.

म्हाळसाचं लग्न ठरलंय. पोरगा वडगाव रासाईचा, मल्हारी नाव. नदीकाठाला रान हाय, पोहण्यात तरबेज, बोलण्यात गरीब. त्याचे वडील बापूसाहेब वैशाखात लग्न करा म्हणत हुते. मी म्हणलं, पोरीचा मामा कोकणातनं यायचाय. अंतरपाटाला पोरीच्या मागं तिचा मामा उभा पायजे. ते म्हणाले, चुलत मामा उभा करा, कुणाला कळतंय. मी म्हणलं, पोरीला कळतंय. मग जेष्ठाच्या पहिल्या आठवड्यापस्तोर थांबतो म्हणाले, पावसाच्या आत उरकाया पायजे.

म्हाळसाला तू आठवतोस. तुझ्या घोंगड्याचा वास आठवतो म्हणती. दर साली मेंढरं आली की ती गोठ्याच्या भिंतीवर उभी राहून बघती, आन् मी अंगण झाडते. झाडून झालेलं असलं तरी झाडते.

येशील का, तेवढं शंकररावांकडनं कळव.

कुशी

*

परळी
२१ एप्रिल १९७९

सौ. कुशाबाई यांस,

आपले पत्र काल आले आणि आपल्या बंधूंचा वाडा परवाच हलला. यंदा ओढा लवकर आटला म्हणून ते नेहमीपेक्षा आधी घाटाकडे निघाले. जाताना मला सांगून गेले, "पत्र आलं तर ठिवा, दिवाळीनंतर आल्यावर ऐकतो."

सवयीने मी पाकीट फोडले. आईने मोठ्याने वाचायला लावले. लग्नाचे वाचल्यावर तिने मला थांबवले आणि विचारले, हे म्हाळूला कोण सांगणार? मी म्हटले, वाटेत कुणाकडे निरोप धाडतो. त्यावर ती म्हणाली, "असल्या आवतनाला निरोप चालत नाही. तिला कळव, म्हणावं, तू दौंडच्या गाडीत चढलीस, आता पुण्याच्या गाडीत चढ."

तिचे शब्द मी जसेच्या तसे लिहिले. वाडा खंडाळ्याच्या घाटाने वर जाऊन तळेगावच्या आसपास काही दिवस बसतो आणि मग चाकणवरून आपल्याकडे येतो, एवढे मला माहीत आहे. वाटेत ज्याचे रान मिळेल तिथे थांबतात, त्यामुळे आपल्या गावाला केव्हा पोचतील हे कुणी सांगू शकणार नाही. गेल्या सालासारखे ज्येष्ठाच्या शेवटाला पोचले तर मुहूर्त हुकेल.

चिरंजीव म्हाळसास आमच्या सर्वांचे आशीर्वाद. आईने तिच्यासाठी सुकवलेली आमसुले ठेवली आहेत, ती कशी पोचवावी ते कळवा.

आपला,
शंकरराव

*

तळेगावच्या फुडं, चाकणच्या वाटंवर
१४ मे १९७९

म्हाळसाच्या बांना,

एका घरात राहून पत्र कोण लिवतं, म्हणून तुमाला हे माझं पहिलंच. म्हाळसा वाचून दावंल. पोरी, सगळं वाच, मधलं गाळू नगं.

वाडा घावला. दादा भेटला. आता नीट सांगते.

तुमी मला केडगावला गाडीत बसवून दिलं, तवा खिडकीतनं सांगत हुता की मीच जातो, अजून उतर. बरं झालं उतरले न्हाई. तुमी गेला असता तर दोघं समोरासमोर उभं राहून मेंढराच्या किमतीवर आला असता. पुण्याला गाडी बदलली. पाट्या वाचत वाचत तळेगाव आलं. एका म्हातारीनं मला इचारलं, बाई, हे कुठलं ठेसण? मी वाचून सांगितलं. तिनं मला मास्तरीण समजून टोपलीतली करवंदं दिली.

तळेगावात इचारत फिरले. एकजण म्हणाला, मेंढरं इथल्या वडगावकडं हायेत. तिथं गेले तर दुसऱ्याच कुणाचा वाडा. त्यांनी एका रात्रीपुरतं ठेवून घेतलं, घोंगडं दिलं. सकाळी त्यातला एक माणूस म्हणाला, म्हाळू व्हय, तो गोष्टी सांगणारा? मी म्हणलं, माझा भाऊ धा माणसांत तोंड उघडत न्हाई, तो न्हवं. त्यानं सांगितलं, ढोपरानं लंगडतो, कानात बाळी हाय, रोज संध्याकाळी त्याच्यापाशी गर्दी असती. बाळी हाय म्हणल्यावर मी निघाले.

दिवस कलला तवा वाडा दिसला. मेंढरं बसलेली. चुलीपाशी पंधरावीस माणसं, आपल्यातली आन् त्या गावची मिळून. रानाचा मालक पण बसलेला. मधी पाठमोरा दादा. आन् तो आमच्या ताईबाईच्या म्हशीची गोष्ट सांगत हुता.

काय सांगू तुमाला. सगळी माझी गोष्ट, शब्दाला शब्द, आन् वर त्याची भर. बँडवाल्यातला सनईवाला मुका केला हुता त्यानं. का केला ते देवाला ठाऊक, पर माणसं हसून लोळत हुती. मी मागं बोचकं ठेवून बसले. कुणाला वाटलं, गावातलीच कोण बाई हाय. म्हस उठली, चहा झाला. मग त्यानं पाटसला उतरलेल्या बाईची गोष्ट धरली. गाडी सुटली. बाई दारात उभी, पदर वाऱ्यावर. पाटस आलं. आन् ह्यानं काय करावं? पाटसला बाईला उतरूच दिलं न्हाई. गाडी पुण्याला नेली, खंडाळ्याचा घाट उतरवला, पार ममईला नेली, आन् बाईला समुद्र दावला.

माझ्यानं ऱ्हावलं न्हाई. मी मागनं म्हणलं, "पाटसलाच उतरली ती."

सगळी वळून बघाया लागली. दादा वळला न्हाई. नुस्तं चुलीत लाकूड सारलं. मग म्हणाला, "पाटसला का उतरली? दारात उभी हुती, जाऊ द्यायची हुती गाडी."

मी म्हणलं, "घरी म्हस हुती. पोरगी हुती. नवरा हुता."

"मग समुद्र कवा बघणार ती?"

"कुणी दावला तर बघंल."

तवा तो वळला. केस पांढरे झालेत त्याचे. माझ्याकडं बघितलं आन् चुलीपाशी बसलेल्या मालकाला म्हणाला, "हीच ती." मालकानं उठून मला बसाया पोतं दिलं. दादा म्हणाला, "आता फुडचं तूच सांग, मला पाटसच्या फुडचं खरं ठाऊक न्हाई." मग मी सांगितलं. फलाटाच्या तिकिटाचं सांगितलं, शेंगांचं सांगितलं. तो पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखा ऐकत हुता.

माणसं गेल्यावर भाकरी खाल्ली. त्यानं इचारलं, "आवतन द्यायला आलीस का मेंढरं बघाया?" मी म्हणलं, "दोन्हीला." नारळ त्याच्या हातात दिला. म्हाळसाचं ऐकून त्यानं तो घोंगड्यात गुंडाळून ठेवला. मग म्हणाला, "तुमच्या घरावर कौलं घातली ती बरी केली. आधीचा पत्रा वाजायचा. आन् तुमच्या बांधावरच्या बोरीला यंदा बोरं कमी हुती." मी म्हणलं, "तू तर हिरीवरनं तसाच फुडं जातोस, तुला बोर कशी दिसली?" तो म्हणाला, "हिरीच्या मागनं चढ हाय, तिथनं दिसती."

म्हाळसाच्या बा, एवढी सालं तो त्या चढावर उभा राहून आपलं घर बघत हुता, आन् मी अंगण झाडत हुते. मी त्याला म्हणलं, "खाली का आला न्हाईस?" तो तुमचं नाव घेऊन म्हणाला, "तात्याबानं बोलवलं न्हाई." माझ्या तोंडावर आलं हुतं की तू पण हाक मारली न्हाईस. पर म्हणलं, आता ते काढायचं न्हाई.

मग त्यानं पोराचं इचारलं. रान किती, जनावरं किती हे न्हाई. इचारलं, "पोरगा हसतो का?" मी म्हणलं, "हसतो." म्हणाला, "मग झालं."

मुहूर्ताचं त्याला सांगितलं. त्यानं रात्रीतच बाकीच्यांशी बोलून ठरवलं की वाटंत कुठं बसायचं न्हाई, सरळ न्हावरं गाठायचं. मधल्या गावांत ज्यांची रानं लेंडीखतासाठी बोलून ठेवलेली हुती त्यांना निरोप धाडलाय. त्यांच्याकडनं खताच्या बदल्यात मिळायचं धान्य बुडंल, पर त्यानं त्याचा एक शब्द काढला न्हाई, आन् तुमी पण काढू नगा.

मला येस्टीनं उद्याच घरी येता येतंय. मी येत न्हाई. मी मेंढरासंगं चालत येते. सकाळी दादानं घोड्यावर लगड लादली आन् माझ्याकडं बघितलं. मी म्हणलं, आता ह्या वयात वर उभी राहिले तर घोडं बसंल. मग चालतच निघालो, तो लंगडत, मी त्याच्या चालीनं. वाटंत तो मला एकेक झाड दावतो. इथं आबानं आडलेल्या मेंढीचं कोकरू सोडवलं, इथं आईनं पावसात भाकरी भाजल्या. मला वाटायचं, चालणाऱ्या माणसाच्या ध्यानात काय राहत नसंल. त्याच्या सगळं ध्यानात हाय. आन् मी त्याला पाट्या वाचून दावते. आयुष्यभर ज्या गावांवरनं गेलो त्यातल्या दोनतीन गावांची नावं आमी चुकीचीच धरली हुती. त्याला लई हसू आलं.

चाकणला हे पत्र टाकते. आमच्या आधी पोचंल. तुमी एवढं करा. दारातली मेथी काढून घ्या, न्हाईतर मेंढरं ठेवायची न्हाईत. ताईबाईला सांगा, म्हस रस्त्यात सोडू नगं. बापूसाहेबांना वडगाव रासाईला निरोप द्या की मामा निघालाय. पार्वतीबाईंना सांगा, मी दोन वर्ग बुडवले, पर अभ्यास चाललाय. आन् शंकररावांच्या आईला आवतन लिवायला सांगा बाईंना, माझ्या नावानं, आमसुलं त्यांनीच घेऊन यावीत.

आन् एक काम तुमचं एकट्याचं. शिरूरच्या रस्त्याला लागलो की मी फुडं एका माणसाला धाडीन. तुमी मारुतीच्या हिरीपस्तोर या. मी कळपाच्या मागं थांबते. आधी तुमी दोघं बोला. काय बोलायचं ते मी सांगत न्हाई, पर मेंढरापासनं सुरवात करू नगा.

दादा इथं बसलाय, मी लिवते ते बघतोय. त्याला म्हणलं, म्हाळसाच्या बांना काय लिवू? आधी म्हणाला, मेंढ्या बऱ्या हायेत. मग म्हणाला, "त्याला लिव, कांदा निघाला असंल तर रान मोकळं ठिव. लग्न हुईस्तवर मेंढरं तिथंच बसवतो."

तुमची,
कुशी